मुरगावची जहाजं खरी निघाली, म्हणून कराचीही खरी का?

जेटीवरचा (वास्को)

मंडळी, एका माणसाला उत्तर द्यायचं आहे आणि मला ते नीट जमत नाहीये. माणूस म्हणजे आमच्या कॉलनीचे काका. निवृत्त, मनाने मोकळे. गणपतीत पहिली आरती तेच धरतात, नळाला पाणी आलं नाही तर फोन तेच लावतात. पण मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या तीन-चार रात्री त्यांनी ग्रुपवर जो पाऊस पाडला, त्यातून कॉलनी अजून वाळलेली नाही.

८ मेच्या रात्री त्यांचा मेसेज आला: 'कराची बंदर खलास. विक्रांतने उडवलं.' टीव्हीवरही बऱ्याच वाहिन्या तेच ओरडत होत्या, त्यामुळे दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. पाठोपाठ 'एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार.' पीआयबीने, म्हणजे सरकारच्याच माहिती कार्यालयाने, ते खोटं असल्याचं जाहीर केलं, तरी आमच्या बिल्डिंगमधले लोक रात्रीच पैसे काढायला पळाले. मग व्हिडिओ. त्या दिवसांत देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी काही तर 'आर्मा' नावाच्या संगणक खेळातले होते, आणि कराचीची म्हणून फिरलेली एक क्लिप अमेरिकेत फिलाडेल्फियाला विमान कोसळलं, त्याची निघाली.

१० मेला गोळीबार थांबला. ११ तारखेच्या पत्रकार परिषदेत नौदलाकडून व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं, की समुद्रावरच्या आणि जमिनीवरच्या ठरावीक लक्ष्यांवर, कराची धरून, आपल्याला हव्या त्या वेळी मारा करायची पूर्ण तयारी ठेवून आपली जहाजं उभी होती. तयारी होती म्हणाले. मारा केला असं म्हणाले नाहीत. आपल्या नौदलाने कराची जाळली असती, तर हे सांगायला त्यांना कुणाची भीती होती?

मी हे काकांना दाखवलं. काका हसले. "पळय बाब, मुरगांवचीं तीं जहाजां पस्तीस वर्सां लिपोवन दवरलीं न्हय? हेंय तशेंच." (ती जहाजं पस्तीस वर्षं लपवून ठेवली ना? हेही तसंच.)

इथे माझी बोट रुतली. कारण जहाजांची गोष्ट खरी आहे.

घाटावरच्या मंडळींसाठी थोडक्यात. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रेमेनच्या हांसा कंपनीची तीन जर्मन मालवाहू जहाजं, एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स, मुरगाव बंदरात येऊन आश्रयाला थांबली. पुढे इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा हे इटालियन जहाजही तिथेच अडकलं. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून ब्रिटिशांना हात लावता येईना. त्यांना संशय होता की एहरेनफेल्सवरून चोरट्या रेडिओने दोस्त राष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा जर्मन पाणबुड्यांना कळवला जातो. ९ मार्च १९४३ च्या रात्री 'फीबी' नावाची गाळ वाहणारी हॉपर बार्ज (हो, बार्ज! आमची जात) मुरगावात शिरली. तिच्यावर होते कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिशचे अठरा जण. खरे सैनिक नव्हेतच ते. चहाच्या, तागाच्या आणि असल्याच कंपन्यांतले मध्यमवयीन साहेब, हौशी स्वयंसेवक. बहुतेक जण कोचीपर्यंत रेल्वेने आले आणि तिथून बार्जवर चढले. मागून सूत्रं हलवत होती एसओई, ब्रिटिशांची गुप्त संघटना. ते एहरेनफेल्सवर चढले, कप्तान आणि काही खलाशी मारले गेले, जहाज पेटलं आणि बुडालं. ते बघून उरलेल्या तीन जहाजांवरच्या लोकांनी आपापली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली.

बाहेर सांगितलं गेलं ते एवढंच, की जहाजांवरच्यांनीच आपली जहाजं बुडवली. आमची आजीही तेच सांगायची, "जर्मनांनीच काडी लावली." खरा प्रकार सगळीकडे झाला तो १९७८ मध्ये एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकामुळे. १९८० मध्ये त्यावर हॉलिवूडचा सिनेमा आला, शूटिंग इथेच झालं, आणि आमच्या काकांनी त्या वेळी लांबून एक मोठा नट बघितला होता. त्यामुळे या विषयावर त्यांचा अधिकार दुप्पट आहे.

तर त्यांचे मुद्दे दोन. एक: सरकारं युद्धात लपवतात, हे मुरगावने दाखवलं, म्हणून कराचीतही लपवलंय. दोन: "हल्ला झाला नाही हे तू सिद्ध कर."

माझं आयुष्य बार्जच्या एजन्सीत गेलं. जेटीवर कुणी कुणाच्या शब्दावर पैसे देत नाही. बार्जवाला म्हणतो माल इतके टन, घेणारा म्हणतो त्याहून कमी. सर्व्हेयर येतो, पुढे, मध्ये, मागे, दोन्ही अंगांनी पाण्याची रेघ वाचतो, बॅलास्ट, तेल, गोडं पाणी वजा करतो, तक्ता उघडतो, मग आकडा लिहितो. बिल ज्याला पाठवायचंय त्यानेच तो कागद जोडायचा. 'माल कमी होता हे तू सिद्ध कर' असं म्हणणाऱ्याला जेटीवर चहासुद्धा मिळणार नाही. पण काकांना ही भाषा कळत नाही, ते शिक्षण खात्यात होते. काय सांगू त्यांना?

फोंड्याचा मास्तर

जेटीवरचा, शिक्षण खात्यावर घसरू नका, इथे आम्हीही आहोत.

काकांना कव्हेंट्रीची गोष्ट सांगा. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधलं कव्हेंट्री शहर भाजून काढलं, पाचशेहून जास्त माणसं मेली. ब्रिटिश जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडत होते, हे मात्र १९७४ पर्यंत गुपित होतं. त्या वर्षी ते गुपित जगासमोर आलं आणि त्याच्याच खांद्यावर बसून दुसरी गोष्ट आली: चर्चिलला कव्हेंट्रीचं आधीच माहीत होतं, पण संदेश फुटल्याचा जर्मनांना संशय येऊ नये म्हणून त्याने शहर जळू दिलं. ऐकायला किती भारी! मोठा माणूस, मोठं पाप, मोठं कारण. पण कागद वेगळं सांगतात. मोठा हल्ला होणार एवढं कळलं होतं, पण त्या दिवशी चर्चिलची समजूत लंडनवर हल्ला होणार अशी होती. तो गावाबाहेर निघाला होता तो अर्ध्या वाटेवरून लंडनला परतला आणि बॉम्बची वाट बघत गच्चीवर उभा राहिला. ज्याला कव्हेंट्री माहीत आहे तो असं कशाला करील?

म्हणजे गुपित शंभर टक्के खरं, आणि त्यावर लादलेली गोष्ट पडली. दोन्ही एकाच वर्षी, एकाच पुस्तकातून बाहेर आल्या. पहिली खरी म्हणून दुसरीला फुकट पास मिळत नाही.

आणि मुरगावच्या गोष्टीतही तीन वेगळे दावे आहेत, ते काका एका पिशवीत भरतात. हल्ला झाला, हा पहिला. त्याला भाग घेतलेल्यांच्या साक्षी आहेत, जहाजं आहेत, मेलेली माणसं आहेत. एहरेनफेल्सवरून रेडिओ चालायचा, हा दुसरा. हे मुख्यतः हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने सांगितलं गेलं, आणि ज्याने दार फोडलं त्याला आत चोर होता असं म्हणावंच लागतं. तिसरा दावा म्हणजे त्या रात्रीनंतर हिंदी महासागरात बुडणाऱ्या जहाजांचा आकडा एकदम खाली आला, म्हणून मोहीम यशस्वी. हा सिनेमाला शोभतो. पण त्याच १९४३ च्या उत्तरार्धात जर्मनांच्या 'मान्सून' गटाच्या पाणबुड्या हिंदी महासागरात आल्या, पुढे मलायातल्या पेनांगच्या तळावरून फिरल्या आणि जहाजं बुडवतच राहिल्या. त्यांना मुरगावच्या रेडिओची गरज पडली नाही.

मी मुलांना पहिला दावा इतिहास म्हणून शिकवतो. दुसरा 'ब्रिटिशांचं म्हणणं' म्हणून. तिसऱ्यावर त्यांच्याकडूनच प्रश्न काढून घेतो.

प्रश्नचिन्ह_पेडणे

तुमचं सगळं गोड आहे, पण एक सोयीस्कर गाळलंत. युद्धात खोटं सर्वांत जास्त कोण बोलतं? सरकार. टोंकिनची खाडी घ्या. ४ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामने आमच्या जहाजांवर दुसरा हल्ला केला, असं अमेरिकेने सांगितलं. तीन दिवसांत ठराव पास, मग दहा वर्षं माणसं मेली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. त्यांच्याच गुप्तचर खात्याच्या इतिहासकाराने ते लिहून ठेवलं आणि २००५ मध्ये ते कागद खुले झाले. इराकची महासंहारक शस्त्रं घ्या. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत चित्रं, टेप सगळं दाखवलं. नंतर शोधायला गेलेल्यांना साठे मिळाले नाहीत.

मग जो काका सरकारवर विश्वास ठेवत नाही, तो मूर्ख कसा? माहिती सगळी सरकारच्या कपाटात. सामान्य माणसाने पुरावा कुठून आणायचा? पुराव्याचं ओझं ज्याच्या हातात कपाटाची किल्ली आहे त्याच्यावर असायला पाहिजे. नाहीतर तुमचा हा नियम म्हणजे गप्प बसवायची सोय.

म्हापशाची वकील

पेडणेकर, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला कायद्यात खरंच जागा आहे, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले, गाभा तोच आहे. जुनं १०१, आताचं १०४: अमुक गोष्ट आहे असं म्हणून जो निवाडा मागतो, ती गोष्ट त्याने शाबीत करायची. जुनं १०६, आताचं १०९: एखादी गोष्ट एखाद्याच्याच खास माहितीत असेल, तर ती शाबीत करायचं ओझं त्याच्यावर. हे तुमच्या कपाटाच्या किल्लीचं कलम. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये शंभुनाथ मेहरा प्रकरणात सांगून ठेवलंय, की या कलमाच्या आडून फिर्यादीला आपलं मूळ काम टाळता येत नाही. आधी तुम्ही पाया घाला. बंद खोलीत प्रेत सापडलं आणि आत एकच माणूस होता, इतकं दाखवलंत, तर 'आत काय झालं ते तू सांग' असं त्याला विचारता येतं. प्रेतच नाही, खोलीच नाही, आणि 'तू सांग'? कोर्ट उठून जेवायला जाईल.

नेताजींचं प्रकरण यासाठी मला फार शिकवणारं वाटतं. १८ ऑगस्ट १९४५, तैहोकू (आजचं तैपेई), विमान अपघात. शाहनवाज समिती १९५६ मध्ये म्हणाली अपघातात गेले. खोसला आयोगही तेच म्हणाला. मुखर्जी आयोगाने २००५ मध्ये अहवाल दिला, की नेताजी आता हयात नाहीत, पण ते त्या अपघातात गेले नाहीत, आणि जपानच्या रेंकोजी मंदिरातल्या अस्थी त्यांच्या नव्हेत. सरकारने तो अहवाल स्वीकारला नाही. आता इथे लोकांची उडी बघा: 'अपघातात गेले नाहीत, म्हणजे फैजाबादचे गुमनामी बाबा नेताजीच.' अहो, त्याच मुखर्जी आयोगाने बाबांच्या बाबतीतही ठोस पुरावा नाही असंच म्हटलंय! एक दावा पडला की शेजारचा आपोआप उभा राहत नाही. प्रत्येकाने आपापल्या पायांवर उभं राहायचं.

गंमत म्हणजे या प्रश्नाला कायद्यात तयार उत्तर आहे. जुनं १०८, आताचं १११: ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागली असती अशा लोकांना सात वर्षं एखाद्याची खबर नसेल, तर 'तो जिवंत आहे' म्हणणाऱ्याने ते शाबीत करायचं. तो मेला असं गृहीत धरता येतं. कधी, कुठे, कसा, ते मात्र गृहीत धरता येत नाही, त्याचा पुरावा वेगळा आणावा लागतो. आमच्याकडे जहाजावर गेलेले आणि न परतलेले खलाशी बरेच, त्यांच्या घरवाल्यांच्या केसमध्ये हे कलम मी वापरलंय. बायकोला नवऱ्याच्या मृत्यूचा कागद मिळतो, गोष्ट मिळत नाही. ते कठीण असतं, पण खोटी गोष्ट देण्यापेक्षा बरं.

जेटीवरचा (वास्को)

मास्तर, ताई, आभारी आहे. शिक्षण खात्याबद्दलचं मागे घेत नाही.

पेडणेकर, तुमचं टोंकिन मला पटतं. सरकार दावा करतं तेव्हा ओझं सरकारवरच, त्यात सवलत नाही. टोंकिनच्या ठरावाला अख्ख्या सिनेटमध्ये दोघांनीच विरोध केला, मॉर्स आणि ग्रुएनिंग. पण त्या दोघांना तुम्ही काकांच्या रांगेत बसवू नका. अमेरिकेच्या सरकारने जे सांगितलं त्यावर मत द्यायचं त्यांनी नाकारलं, एवढंच. काका अविश्वास दाखवून थांबत नाहीत. सरकार हल्ला केला असं म्हणत नाही, तर काका म्हणतात केला, आणि कुठल्या जहाजाने तेही सांगतात. संशय घ्यायला काही लागत नाही, तो प्रत्येकाने घ्यावा. पण काका संशय घेत नाहीयेत, माल उतरवतायत.

आणि पाया घालायचं ताई म्हणाल्या, त्यावरून मला मुरगाव आणि कराचीमधला फरक दिसला.

मुरगावात काय लपवलं होतं? घटना लपवलेली नव्हती. ती लपवणं शक्यच नव्हतं. चार मोठी जहाजं बंदरात जळत होती. सड्यावरून दिसत होतं, बायण्याहून दिसत होतं. लपवलेलं होतं ते करणाऱ्याचं नाव. आणि लपवायला कारणही पक्कं होतं: पोर्तुगालच्या बंदरात घुसून मारामारी केली हे कबूल केलं असतं, तर तटस्थ पोर्तुगालशी बिघडलं असतं. ब्रिटिशांना पोर्तुगालकडून अझोर्स बेटांवर तळ हवा होता, तो त्यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिळाला. म्हणजे आजी जे म्हणायची तेही अर्धं खरंच होतं, तीन जहाजं त्यांच्याच लोकांनी बुडवली. चौथ्याचं तिला कुणी सांगितलं नाही.

कराचीच्या मेसेजमध्ये सगळं उलटं आहे. करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत, तिरंग्यासकट. आणि घटनाच सापडत नाही. बंदर जाळणं म्हणजे फटाका नव्हे. १९७१ मध्ये ४ आणि ५ डिसेंबरच्या मधल्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर खरोखरच हल्ला केला, खैबर ही विनाशिका बुडाली, पुढच्या काही दिवसांत केमारीच्या तेलटाक्या पेटल्या. ते कुणाला सांगावं लागलं नाही. आज तर अजूनच अवघड. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा फोनवर कुठलं जहाज कुठे नांगर टाकून आहे ते बघतं. बंदर पडलं की वळवलेली जहाजं दिसतात, विम्याचे दर उडतात, तिथले एजंट इथल्या एजंटांना रडून सांगतात, उपग्रहाचे फोटो बाजारात विकत मिळतात. ज्या गोष्टीने इतक्या खुणा सोडायला हव्यात तिची एकही खूण नसेल, तर 'नाही' हे सिद्ध करायचं राहतंच किती?

काकांना हेच विचारणार आहे. लपवाछपवी मान्य. पण कशाची? कुणी केलं त्याची, की काय झालं त्याची?

साल्मिया_ते_साखळी

वाचत होतो. सरकारच्या खोट्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी मी फक्त पाककृतींच्या धाग्यावर असतो.

२ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये शिरला तेव्हा मी साल्मियाला एका दुकानाचे हिशेब बघत होतो. आमच्यासारखे लाखाहून जास्त भारतीय अम्मानवरून एअर इंडियाच्या विमानांनी परतले, त्यात गोंयकार किती होते ते प्रत्येक गावाला विचारा. लूट डोळ्यांनी बघितली. दुकानाचं शटर, मशिनं, पंखेसुद्धा नेले.

घरी परतल्यावर ऑक्टोबरमध्ये बातमी आली. अमेरिकेच्या काँग्रेसमधल्या मानवी हक्क गटासमोर एका १५ वर्षांच्या कुवेती मुलीने रडत सांगितलं, की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून थंड फरशीवर मरायला टाकली. मुलीचं फक्त पहिलं नाव सांगितलं, घरच्यांना धोका आहे म्हणून. ती गोष्ट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा पुन्हा सांगितली. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने आधी मानली, नंतर मागे घेतली. जानेवारी १९९१ मध्ये युद्ध झालं. वर्षभराने कळलं की मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची होती, आणि ती साक्ष एका मोठ्या जाहिरात कंपनीने कुवेतच्या बाजूने चालवलेल्या मोहिमेचा भाग होती.

माझा अनुभव त्याच्या आधीचा. साखळीच्या बाजारात लोक मला थांबवून विचारायचे, "तू थंय आशिल्लो न्हय? बाळांचें खरें?" मी सांगायचो, मी त्या इस्पितळात कधी पाऊल टाकलं नाही, मला काही माहीत नाही. लोकांना राग यायचा! एकाने तर म्हटलं, सद्दामचा पैसा खाल्लाय. मी तिथे होतो, म्हणून मी हो म्हणायला हवं होतं. कुवेत म्हणजे जणू आमच्या चाळीची गॅलरी, एका टोकाला उभं राहिलं की दुसरं दिसतं.

आणि उलटंही ऐकलंय. बाळांची गोष्ट खोटी निघाल्यावर काही शहाणे म्हणाले, म्हणजे कुवेतमध्ये काही झालंच नव्हतं. माझा पगार बुडाला, मालकाचा भाऊ गायब झाला, तो परत आला नाही. तेही खोटं का?

प्रश्नचिन्ह_पेडणे

साल्मियाबाब, तुमच्यापुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

जेटीवरचा, तुमचा 'घटना उघडी, करणारा लपलेला' हा फरक चांगला आहे, पण एक टाकतो. पाकिस्तानची गाझी पाणबुडी. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. आपण म्हणतो आयएनएस राजपूतने बुडवली. पाकिस्तान म्हणतं आतल्या स्फोटाने किंवा स्वतःच्याच सुरुंगाने गेली. इथे कुणाच्या गळ्यात ओझं घालणार? की आपली बाजू आली की तराजू हलतो?

जेटीवरचा (वास्को)

हलवत नाही. गाझी तळाशी आहे, आतले सगळे गेले, याबद्दल दोन्ही देशांत वाद नाही. वाद आहे तो कुणी किंवा कशाने, याचा. म्हणजे ती मुरगावच्या कपाटातली केस आहे. 'राजपूतने बुडवली' हा आपला दावा, तर तो आपण दाखवायचा. 'आत स्फोट झाला' हा त्यांचा, तो त्यांनी. आणि आपलं म्हणणं कुणाला कमी पडलं, तर त्याने त्यांचं म्हणणं खरं होत नाही, हे ताईंनी नेताजींच्या बाबतीत सांगितलंच. मला स्वतःला राजपूतच वाटते, पण ते माझं वाटणं आहे, त्यावर मी बिल फाडणार नाही. राजपूतचा मेडल ग्रुपवर टाकणारे काकाच होते, ते वेगळं.

म्हापशाची वकील

काकांना विचारलंत का, काय दाखवलं तर ते मत बदलतील? साक्षीदाराला मी हे आधी विचारते. अर्धा वेळ वाचतो.

जेटीवरचा (वास्को)

विचारलं ताई, काल संध्याकाळी, खाली कट्ट्यावर. म्हणाले, बातमी खोटी असती तर टीव्हीवाल्यांनी माफी मागितली असती. मी एका वाहिनीच्या निवेदिकेने प्रेक्षकांची माफी मागितल्याची क्लिप तिथेच काढून दाखवली. शांतपणे बघितली. "दबाव आयला आसतलो," म्हणाले, आणि चण्यांची पुडी पुढे केली.

कोण लपवलंय की काय लपवलंय, हाही प्रश्न विचारला. त्यावर मात्र थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तूं वकिलाकडेन उलयलां." (तू वकिलाशी बोललायस.) ताई, तुमची कीर्ती पोचली.

मी ग्रुपचा ॲडमिन आहे, तेवढाच माझा अधिकार. नियम टाकलाय: युद्धाची, दंगलीची, बँकेची बातमी टाकायची असेल तर खाली ती कुठून आली ते लिहायचं, नसेल तर मी काढून टाकणार. आज सकाळी काकांनी टाकलेली पहिली बातमी, पेट्रोल संपणार. नियमाप्रमाणे खाली ओळ लिहिली होती: 'स्रोत: मुंबईचा जावई.'

म्हापशाची वकील

जावयाला समन्स काढा.

जेटीवरचा (वास्को)

फोन केला. त्याला हे सासऱ्यांकडूनच कळलं होतं.